सुतावर टांगलेला मेंदू

मेंदू बादलीत नुसता ठेवत नाहीत, टांगतात. तोही उलटा, सुताच्या दोऱ्याने. हे सांगितलं की समोरचा माणूस हातातला चहा खाली ठेवतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते. दिवाळी अंकाच्या ताई म्हणाल्या होत्या, नोकरीबद्दल लिहा पण कुणाला घाबरवू नका, सणाचे दिवस आहेत. आता घाबरण्यासारखं त्यात काय आहे? प्रत्येकाच्या मानेवर एकेक आहेच की. मी तो बाहेर काढून बघितलाय, एवढाच काय तो फरक.

नाशिकमधल्या एका मेडिकल कॉलेजात माझी सत्तावीस वर्षं गेली. शरीराची रचना शिकवणारा जो विभाग असतो, मुलं ज्याला ॲनाटॉमी म्हणतात, तिथे. लागले ती झाडूपोछ्याला, आणि रिटायर झाले ती डिसेक्शन हॉलची अटेंडंट म्हणून. डिसेक्शन हॉल म्हणजे जिथे दान आलेले देह ठेवतात आणि मुलं त्यावर शिकतात ती खोली. माझं शिक्षण नववी. दहावीला बसायच्या आधीच लग्न झालं, ते मखमलाबादच्या फुलवाल्यांच्या घरात. सासऱ्यांची शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. नवरा सातपूरला कारखान्यात. पहाटे फुलं तोडायची, सासूबाईंबरोबर बसून हार ओवायचे, सकाळी बाजारात पोचवायचे, असं आमचं चालायचं. मग यांचा कारखाना बंद पडला आणि शेजारच्या बाईने कॉलेजातल्या जागेबद्दल सांगितलं. कुठल्या विभागात ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी हॉलच्या दारात गेले तर डोळ्यांना धारा. फॉर्मालिनचा, म्हणजे देह टिकवायच्या औषधाचा वास असतो तो. कांद्याच्या खळ्यावर वाढलेल्या माणसालाही रडवतो. आतमध्ये सोनवणेमामा होते, जुने अटेंडंट. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "रडून घे. चार दिवसांनी वास येणार नाही, मग रडायला कारण शोधावं लागेल."

घरी मात्र कळल्यावर गोंधळ झाला. सासूबाई वाईट नव्हत्या, पण जुन्या वळणाच्या. त्यांनी भांडण केलं नाही, फक्त दुसऱ्या दिवसापासून देवाच्या हारांची टोपली माझ्यापुढून उचलली आणि जावेपुढे ठेवली. लग्नाच्या माळा मी करायच्या नाहीत, देवाचे हार करायचे नाहीत. वरातीच्या घोड्याचे करायला हरकत नव्हती. मला ते लागलं. ओवण्यात माझा हात घरात सगळ्यात चांगला होता, आणि हे मी नाही, बाजार म्हणायचा.

तर हा हात पुढे कुठे कामाला आला ते ऐका.

मेंदू काढायचं काम मामांचं. पहिल्यांदा मी दाराआडून बघितलं, मग जवळ उभी राहिले, मग वर्षभराने त्यांनी मला हातमोजे दिले. कवटी गोल कापून वरची टोपी नारळाच्या करवंटीसारखी उचलायची. वाटतं की आता लगेच मेंदू दिसेल, तर नाही. आधी एक जाड, चिवट पडदा लागतो, ओल्या चामड्यासारखा. तो बाजूला केला की कोळ्याच्या जाळ्यासारखा दुसरा. आणि त्याखाली तिसरा, इतका पातळ की मेंदूच्या प्रत्येक घडीत उतरून बसलेला, वेगळा काढू म्हटलं तर निघत नाही. आमच्या विभागप्रमुख मॅडमनी एकदा मुलांना सांगताना मी ऐकलं. या पडद्यांच्या नावात जो शब्द आहे त्याचा जुन्या भाषेत अर्थ म्हणे आई. बाहेरची कडक आई आणि आतली मायाळू आई. मी त्या दिवशी घरी गेले आणि सासूबाईंना सांगितलं, प्रत्येकाच्या डोक्यात एक कडक आई आणि एक मायाळू आई असते. त्या म्हणाल्या, "आणि सासू?" मी म्हटलं, मधलं जाळं आहे ना, ते. तेव्हापासून त्या जरा हसून बोलायला लागल्या माझ्या नोकरीबद्दल.

पडदे झाले की कपाळाच्या बाजूने बोटं आत घालून मेंदू अलगद मागे उचलायचा. खाली नसा दिसतात. वासाच्या, डोळ्यांच्या, चेहऱ्याच्या. एकेक कापत जायचं, घाई करायची नाही. शेवटी पाठीच्या कण्याकडे जाणारा देठ कापला की सगळा मेंदू तुमच्या हातात येतो. सव्वा-दीड किलोचा असतो. आणि मऊ किती, तर विरजण नीट न लागलेलं दही कसं असतं तसा. चित्रात बघून लोकांना वाटतं की अक्रोडासारखा टणक असेल. अहो, टेबलावर नुसता ठेवला तर स्वतःच्या वजनाने बसतो. मला पहिल्यांदा हातात घेतल्यावर काय वाटलं सांगू? वाटलं, एवढ्या नाजूक गोष्टीवर पाटी ठेवून आपण बाजारात जातो.

मॅडमना मी विचारलं होतं, मग जिवंतपणी हा बसत कसा नाही? त्या म्हणाल्या, डोक्यात तो पाण्यात तरंगत असतो. चारी बाजूंनी पाणी. म्हणून त्याला स्वतःचं वजन जाणवत नाही. काय योजना आहे बघा. घट्ट करण्यासाठी आपण त्याला फॉर्मालिनच्या बादलीत ठेवतो तेव्हाही तेच करायचं असतं, तरंगत ठेवायचा. मेंदूच्या पोटाला, म्हणजे खालच्या अंगाला, मधोमध एक रक्तवाहिनी जाते, शेवंतीच्या देठाएवढी. तिच्याखालून दोरा ओवायचा, दोन्ही टोकं बादलीच्या कडीला बांधायची आणि मेंदू उलटा सोडायचा, तळाला टेकणार नाही असा. तीन आठवड्यांनी तो पनीरसारखा घट्ट होतो. मग कापता येतो, बघता येतो, वर्षानुवर्षं ठेवता येतो.

ती रक्तवाहिनी फाटू न देता तिच्याखालून दोरा काढायचा, हीच सगळी मेख. मामांचा हात जाड, तीनातली एक फाटायची. माझी एकही नाही फाटली.

पण शहाणपण नडलं. एकदा मामा भाचीच्या लग्नाला गेलेले, सुताचं रीळ संपलेलं. मला वाटलं, सूत काय आणि सोपट काय. केळीचं सोपट म्हणजे केळीच्या खोडाचा धागा, आम्ही गजरे त्यानेच बांधतो. ओला केला की रेशमासारखा मऊ, फुलाला कापत नाही. मी घरून आणलं आणि मोठ्या प्रेमाने मेंदू त्याने टांगला. शनिवारी टांगला. सोमवारी येऊन बघते तर सोपट तुटलेलं आणि मेंदू तळाला बसलेला, एका अंगाने भाकरीसारखा थापलेला. तसाच घट्ट व्हायला लागला होता. दान आलेली वस्तू होती ती. कुणीतरी आपलं माणूस दिलं होतं. मला पळून जावंसं वाटलं.

मॅडम आल्या, बादलीत बघितलं. मग मेंदू उचलून खालची बाजू निरखून बघितली आणि विचारलं, दोरा कुणी ओवला? मी म्हटलं मी. कशाचा? सोपटाचा. सोपट म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. त्यांनी ती रक्तवाहिनी पुन्हा बघितली आणि म्हणाल्या, "इथे ओरखडासुद्धा नाहीये. उद्यापासून सगळे मेंदू तूच टांगायचे. पण सुताने."

देवाच्या हारातून उठवलेला हात असा पुन्हा दोऱ्याला लागला.

नंतर मॅडमनी मला त्यांचं एक जुनं चित्रांचं पुस्तक दिलं. इंग्रजी मला धड वाचता यायचं नाही, पण मुलांची तोंडी परीक्षा चालायची तेव्हा मी तिथे बादल्या, ट्रे घेऊन उभी असायची. परीक्षक विचारायचे, मुलं सांगायची, मी वहीत देवनागरीत लिहून घ्यायची. अशी मी शिकले. चुकीची उत्तरंही लिहिली गेली असतील. पण बरीच नावं मी माझ्या पद्धतीने लक्षात ठेवली. दोन्ही अर्ध्या मेंदूंना जोडणारा पांढरा जाड पट्टा, तो माझ्यासाठी रामसेतू. भीतीची जागा बदामाएवढी, तिचं नावही म्हणे बदामच. आणि मागचा छोटा मेंदू, ज्याच्यामुळे आपला तोल राहतो, तो मधोमध कापला की आत झाड दिसतं. मी पहिल्यांदा बघितलं आणि ओरडलेच, मॅडम, ही तर मोरपंखी. आम्ही बुके बांधताना मागे लावतो ना ती चपटी हिरवी फांदी, हुबेहूब तीच, फक्त पांढरी. मॅडम हसल्या. म्हणाल्या, ज्यांनी याला नाव दिलं त्यांनी झाडाचंच दिलंय, आणि मोरपंखीला परदेशात तेच नाव आहे. आता मला सांगा, मखमलाबादची नववी शिकलेली बाई आणि तो कुठल्या काळातला परदेशी माणूस, दोघांना एकच झाड दिसलं. आनंदाने मला दोन दिवस भूक लागली नाही.

एकदा सुरगाण्याकडची एक मुलगी तोंडी परीक्षेला उभी. हुशार होती, पण शब्द फुटेना. परीक्षकांनी छोट्या मेंदूवर काठी टेकवून विचारलं, याला इजा झाली तर माणसाला काय होईल? मी त्यांच्या मागे उभी. मी आपली ट्रे घेऊन थोडी झोकांड्या खात चालल्यासारखी चालले. तिला समजलं, तिने फडाफडा सांगितलं. परीक्षक न वळताच म्हणाले, "मावशी, पुढचं उत्तर तुम्हीच द्या म्हणजे वेळ वाचेल." मी दिलं. बरोबर आलं. ती मुलगी आता तिकडेच डॉक्टर आहे आणि पास झाल्याचे पेढे द्यायला आली तेव्हा सगळ्यांना हेच सांगत होती.

आता हल्ली मोठ्या पडद्याचं टेबल आलंय, बोट फिरवलं की मेंदूचे काप उलगडतात. डोक्याचे फोटो काढायची यंत्रंही तशीच, जिवंत माणसाचा मेंदू आतून दाखवतात. चांगलंच आहे ते. डोळ्यांना धारा लागत नाहीत. पण दोन मेंदू सारखे नसतात हे त्या टेबलावर कळत नाही. घड्यांची वळणं प्रत्येकाची निराळी. शेकड्याने बघितले मी, दोन सारखे बघितले नाहीत.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. नाव बदललंय. तिला मी वत्सलाताई म्हणणार आहे, आणि तिला विचारूनच लिहितेय.

पिंपळगावची बाई. नवरा मार्केटात कांद्याचा लिलाव पुकारायचा. ट्रॅक्टरच्या रांगेतून पुढे पुढे जात आकडे ओरडायचे, असं ते काम. त्यांचा आवाज म्हणे हायवेच्या पलीकडे जायचा. धडधाकट असतानाच त्यांनी देहदानाचा फॉर्म भरलेला. मग एके दिवशी लिलावातच उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. चार वर्षं अंथरुणावर. नंतर छातीत कफ झाला, ताप आला आणि गेले. भावकीने विरोध केला तरी वत्सलाताईने देह आणून दिला. बरोबर एक पुतण्या होता, तो कागदांच्या खिडकीशी गेला आणि ती हॉलबाहेरच्या बाकावर बसली. मी तिला पाणी दिलं. साठीची असेल, माझ्याच वयाची. पेला हातात धरून तिने विचारलं, "बाई, तुम्ही इथं डोकं उघडता ना?"

मी म्हटलं, हो, उघडतो, पण मानाने, काळजीने, तुम्ही चिंता करू नका. नेहमीचं जे सांगायचं ते सांगायला लागले. तिने मला थांबवलं.

"त्याची चिंता नाय मला. उघडल्यावर एक बघून सांगाल का? त्यांना मी बोललेलं कळत व्हतं का नाय?"

मग तिने सांगितलं. वाचा गेली ती सगळी गेली नव्हती. एक आकडा राहिला होता. चौदाशे. लिलावात पडले तेव्हा तोंडात असेल तो. चहा हवा का, चौदाशे. दुखतंय का, चौदाशे. कधी रागाने, कधी रडत, कधी हसत, पण चौदाशेच. मान हलवायचे तीही कधी हो ला नाही, नाही ला हो. गावातले म्हणाले, मेंदू गेला त्याचा, आता लेकरू झालंय. तिलाही तसंच वाटायला लागलं. पण कधीकधी असे बघायचे की तिला वाटायचं, नाही, आत आहेत ते. चार वर्षं ही अशी, एकदा हे वाटायचं, एकदा ते. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढलेला, पण त्यात काय आहे हे तिला बसवून कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. कुणाला विचारणार, म्हणाली.

मी मॅडमना जाऊन सांगितलं. आमच्याकडे नियम कडक, देहाला नंबर पडला की नाव संपलं, आत काय दिसलं ते बाहेर सांगायचं नाही. मॅडम विचार करून म्हणाल्या, पत्नीने स्वतः विचारलंय, आपण बघू, आणि काय दिसेल ते मी तिला भेटून सांगेन. मी सांगेन, असं म्हणाल्या त्या. हे लक्षात ठेवा.

तो मेंदू मी टांगला. त्या दिवशी गाठ मी तीनदा ओढून बघितली, कारण खाली टेकला असता तर उत्तरही थापलं गेलं असतं. रोज जाऊन बघायची. तीन आठवड्यांनी काढला, वाहत्या पाण्यात धुतला, आणि मॅडमनी ट्रेमध्ये घेतला.

कापायच्या आधीच वरून दिसत होतं. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे खालच्या अंगाला, एक जागा खचलेली. पेरूला मार लागून आत बसतो ना, तशी, पिवळट-तपकिरी. मॅडमनी लांब सुरीने बोटभर जाडीचे काप केले आणि ओळीने मांडले, जसे आम्ही कलिंगडाचे मांडतो. मग मला समजावून सांगितलं, कारण त्यांना माहीत होतं मी विचारणारच. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून उजवा हात गेला. बोलणंही बहुतेकांचं डावीकडेच असतं, पण त्यात दोन जागा. पुढची जागा शब्द जुळवून बाहेर काढते. मागची, कानाच्या वर, ती ऐकलेलं समजून घेते. पुढची गेलीय. मागची, हे बघ, धड आहे.

मी म्हटलं, म्हणजे त्यांना कळत होतं.

मॅडम म्हणाल्या, शंभर टक्के असं मेंदू बघून कुणी सांगू नये. पण बहुतेक कळत असणार. बरंचसं. आणि मग हळूच म्हणाल्या, जिवंतपणी कुणी दहा मिनिटं बसून तपासलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

आता माझी चूक. पुढच्या आठवड्यात वत्सलाताई देहदानाच्या दाखल्याचा कागद न्यायला आली, मॅडम वर्गावर होत्या. मी थांबायला हवं होतं. पण सत्तावीस वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता ज्याचं उत्तर मी माझ्या हाताने टांगून, माझ्या डोळ्याने बघितलं होतं. मुलं विचारतात ते पुस्तकातलं. हे खरं होतं. फुगले होते मी, दुसरं काय. तिला बाकावर बसवलं, हातात चहा दिला आणि सणाची बातमी द्यावी तसं सांगितलं, ताई, त्यांना कळत होतं. आमच्या मॅडमनी बघितलं. तुम्ही बोललेलं बहुतेक सगळं कळत होतं त्यांना.

मला वाटलं, रडेल, हात धरेल.

तिने चहा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सगळं?" मी म्हटलं, बहुतेक सगळं. तिने कागद पदराखाली घेतला, उठली आणि गेली. चहासुद्धा तसाच थंड झाला.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "ती का विचारतेय, हे तू तिला विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. सत्तावीस वर्षं मी मुलांना वेंधळी म्हणत आले, प्रश्न नीट ऐकत नाहीत म्हणून.

चार दिवस मला झोप लागली नाही नीट. रविवारी उठले आणि पिंपळगावची बस धरली. पत्ता फॉर्मवर होता, तो असा वापरायचा नसतो हेही मला माहीत होतं. मॅडमना आधी सांगून गेले, त्या नको म्हणाल्या नाहीत. वत्सलाताई ओट्यावर बसून द्राक्षं भरायच्या शेडमधून आणलेले, पेट्यांत घालायचे कागद दुमडत होती, ती घरी असं काम आणते. मला बघून तिने पाट सरकवला. मीही कागद दुमडायला घेतले. माझं तोंड कधी बंद नसतं, पण त्या दिवशी मी आधी बोलले नाही.

पहिला गठ्ठा झाल्यावर ती बोलली.

"शेवटच्या महिन्यातली गोष्ट हाय. दुपार व्हती. पेज भरवीत व्हते, त्यांनी थुंकली. दुसऱ्यांदा थुंकली. मी सकाळधरून जेवले नव्हते. मी म्हनलं, सुटा आता एकदाचे. तुम्ही सुटा आन् मलाबी सोडवा." कागद दुमडायचं तिने थांबवलं नाही. "त्यांना कळत नसंल, म्हणून म्हनलं. कळत असतं तर म्हनले असते का मी?"

आता कळलं मला, मी काय देऊन आले होते. तिला हवं होतं की मी म्हणावं, नाही हो, काही कळत नव्हतं. आणि हवं होतं की मी म्हणावं, कळत होतं. दोन्ही हवं होतं. आणि मी एक उत्तर घेऊन गेले, पेढ्यासारखं.

आमचा मेंदूचा सगळा अभ्यास तिथे संपला. ते वाक्य त्या कापांमध्ये कुठे दिसत नाही. पण मॅडमचं बोलणं डोक्यात होतं, म्हणून या वेळी मी फक्त विचारलं, मग ते काय म्हणाले?

"काय म्हननार. चौदाशे."

आणि मग?

"मंग काय नाय. मी टॉवेलानं त्यांचं तोंड पुसत व्हते, रडत व्हते. त्यांनी डाव्या हातानं टॉवेल माझ्या हातातून घेतला आन् माझं तोंड पुसलं. लेकरू करतं ना, आपण करतो तसं. आपण टाळी वाजवली का ते वाजवतं. तसं. मला तर हसू आलं व्हतं तवा, म्हनलं, बघा येडं..."

तिथे ती थांबली. हातातला कागद अर्धा दुमडलेला.

मी तिच्याकडे बघितलं नाही, कागदाकडे बघत राहिले. मला सगळं दिसत होतं. डावा हात, म्हणजे उजवा मेंदू. ट्रेमधले ते उजवीकडचे काप, एकाला डाग नाही, कडेपर्यंत घट्ट आणि स्वच्छ. आणि डावीकडचा तो कानावरचा भाग, तोही धड. ऐकलेलं समजत होतं, हात चालत होता. मधला बोलायचा रस्ता तेवढा गेलेला.

तिनेच विचारलं, "त्यांच्या डोक्यातली ती दुसरी बाजू. डाव्या हाताची. ती धड व्हती?"

मी म्हटलं, "धड होती ताई. मी स्वतः टांगला होता तो. मी बघितलीय."

तिने कागद खाली ठेवला. पदराने नाही, हाताने, उलट्या हाताने, स्वतःचा गाल एकदा पुसला, जसा दुसऱ्या कुणी पुसावा तसा. मग अगदी हळू म्हणाली, "चौदाशे." लिलावातल्यासारखं नाही. पुन्हा म्हणाली, आणखी हळू, आवाज थोडा खाली उतरवून, त्या दुपारी त्यांनी कसं म्हटलं होतं ते आठवून बघत असल्यासारखं.

पेटीचे कागद बरेच उरले होते. ते आम्ही दोघींनी मिळून दुमडले.